पवईत लाकडाची इमारत उभी राहील का?

प्रश्न : माझी मुलगी नॉर्वेत शिकते. तिने तिथल्या अठरा मजली लाकडी इमारतीचा फोटो पाठवला. आमच्या पवईत खिडकीतून कुठेही पाहा, काँक्रीटच. इथे आयआयटी आहे, सभागृहं आहेत, वाचनालयं आहेत, आता मेट्रोची स्थानकंही होताहेत. यांतली एखादी मोठी सार्वजनिक इमारत लाकडात का बांधत नाहीत? की मुंबईच्या हवेत लाकूड टिकतच नाही?
— एक वाचक, हिरानंदानी गार्डन्स, पवई

उत्तर : तुमच्या मुलीने पाठवलेला फोटो बहुधा ब्रुमुंडाल गावातल्या 'म्योस्टोर्नेट' या इमारतीचा असावा. उंची 85.4 मीटर, मजले 18, पूर्ण झाली 2019 साली. तीही तळ्याकाठीच आहे, तेव्हा पवईकरांना ती जवळची वाटली तर नवल नाही. पण फोटोत एक गोष्ट दिसत नाही. तिच्या वरच्या सात मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या आहेत. लाकडी सांगाडा इतका हलका होतो की जोराच्या वाऱ्यात माथा डोलू लागतो. राहणाऱ्यांना ते जाणवू नये म्हणून वर मुद्दाम वजन घातलं आहे. अमेरिकेत मिलवॉकीला 2022 साली उभ्या राहिलेल्या 25 मजली 'असेंट' इमारतीचे खालचे मजले आणि लिफ्ट-जिन्यांचे गाभे काँक्रीटचेच आहेत. 'लाकडी टॉवर' म्हणून मासिकांत मिरवणाऱ्या बहुतेक इमारती अशा मिश्र असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

आता लाकडाकडे येऊ. आपल्या वाड्यांत, देवळांच्या सभामंडपांत आणि चाळींत वापरलं ते अखंड लाकूड. एका झाडाचा एक खांब, एका झाडाची एक तुळई. तुळई किती लांब आणि किती जाड हे झाडाने ठरवायचं. म्हणून वाड्याची मापं खणांत सांगतात आणि दिवाणखान्यात सुरूदार खांबांच्या रांगा असतात. त्या शोभेसाठी आहेत असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं म्हणजे तिथे तुळई संपलेली असते. हजार माणसं बसतील असं बिनखांबी सभागृह अशा लाकडात बांधणं कठीण, कारण तेवढं झाडच मिळत नाही.

ही अडचण गोंदाने सोडवली. वायमारच्या ऑटो हेट्झरने 1906 साली जर्मनीत वाकवलेल्या, थर चिकटवलेल्या तुळईचं पेटंट घेतलं. फळ्या वाळवायच्या, गाठी आणि चिरा असलेले तुकडे कापून टाकायचे, टोकं बोटांत बोटं अडकवावीत तशी खाचे पाडून जोडायची, मग एकावर एक थर लावून दाबाखाली चिकटवायचे. सगळ्या थरांचे रेषे एकाच दिशेला. याला ग्लुलॅम म्हणतात. त्याची तुळई झाडापेक्षा लांब होते, कमानीसारखी वळते, आणि एका फळीतली खोट सगळ्या तुळईला भोवत नाही. दुसरा प्रकार सीएलटी. तो ऑस्ट्रिया-जर्मनीत 1990 नंतर रुळला. यात फळ्यांचा एक थर उभा तर दुसरा आडवा, असे तीन, पाच, सात थर. लाकूड रेषांच्या दिशेने दणकट आणि आडव्या दिशेने दुबळं असतं, ओलाव्याने फुगतं-आकसतं तेही मुख्यतः आडवंच. थर आलटूनपालटून लावले की दोन्ही दोष बऱ्याच अंशी एकमेकांना आवरतात. प्लायवूडचा हा थोरला भाऊ म्हणा. तुळया-खांब ग्लुलॅमचे, भिंती आणि जमिनी सीएलटीच्या, असा साधारण हिशेब.

मुंबईच्या हवेत हे टिकेल का, हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी नॉर्वेला न जाता कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी बसवल्या आहेत. लेणं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्यातलं लाकूडही जुनं, मुळातलं. छत डोंगराचं असल्याने या कमानी भार वाहत नाहीत हे खरं. पण लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या पावसात ते लाकूड दोन हजार पावसाळे टिकलं. कारण त्याच्यावर पाणी पडलं नाही. डोक्यावर अख्खा कातळ, समोरून खेळती हवा, आणि मातीशी कुठेही संबंध नाही. तुमच्या घराजवळ, विहार तलावापलीकडे कान्हेरीचं चैत्यगृह आहे. तिथेही लाकडी सभागृहाचीच नक्कल दगडात कोरली आहे. म्हणजे मोठी लाकडी सभागृहं या भागाला एके काळी इतकी ओळखीची होती की दगडात कोरतानाही कारागिरांच्या डोळ्यांसमोर तीच होती.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेने, छपराखालचं कोरडं लाकूड अठराएक टक्क्यांपर्यंत जातं आणि दिवाळीनंतर पुन्हा उतरतं. म्हणजे नुसत्या हवेने लाकूड कुजत नाही, जेमतेम का होईना पण अलीकडे राहतं. ते कुजतं गळतीने. तुंबलेली पन्हळ, फुटलेला पाइप, भिंतीत पुरलेलं तुळईचं टोक आणि त्या भिंतीतून झिरपणारा पाऊस. चाळीची लाकडी जमीन बसली अशी बातमी आली की मी आधी मोरी कुठे होती ते पाहतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

आपल्यासारख्याच हवेतलं आजचं उदाहरण सिंगापूरचं. तिथल्या नानयांग तंत्रविद्यापीठात 'गाया' नावाची सहा मजली इमारत 2023 साली सुरू झाली. जपानी वास्तुकार तोयो इतो यांची रचना, क्षेत्रफळ 43,500 चौरस मीटर, आशियातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींत गणना. खांब, तुळया, जमिनी, सगळं युरोपातून आणलेलं ग्लुलॅम आणि सीएलटी. मात्र तळाची जमीन, बाहेरचे जिने आणि स्वच्छतागृहं काँक्रीटची. गिरगावातल्या कोणत्याही जुन्या भाडेकरूने हेच सांगितलं असतं! एवढं करूनही पुढे तिथल्या काही लाकडी पृष्ठभागांवर बुरशीचे डाग दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. ही वरवरची बुरशी आणि लाकूड आतून खाणारी बुरशी वेगळी. वरची पुसता येते, तिने इमारत पडत नाही. पण उघड्या, वातानुकूलन नसलेल्या जागेत युरोपी लाकूड नुसतं हवेवर सोडलं तर काय होतं, हे पवईने त्यावरून समजून घ्यावं.

शिवाय युरोपी लाकूड म्हणजे स्प्रूस आणि पाइन. सागाच्या अंगात वाळवीला नकोसे वाटणारे तेलकट घटक असतात, स्प्रूसच्या अंगात तसलं संरक्षण जवळजवळ नाही. आपल्याकडची वाळवी जमिनीतून मातीचे बोगदे बांधत वर चढते. आपल्या जुन्या सुतारांनी खांब कधी मातीत रोवला नाही. आधी दगडी जोतं, त्यावर दगडी उथाळा, मग खांब. आज तेच काँक्रीटच्या पायाने आणि पोलादी बुडख्याने करता येतं, जोडीला बोरॉनसारखं औषध मुरवता येतं. पण औषध मुरवलं म्हणून वर्षातून एकदा टॉर्च घेऊन तळाशी वाकून बघायचं टळत नाही.

तेव्हा पवईसाठी माझं मत विचाराल तर, टॉवर नको. अठरा मजले उभे करायचे तर वारा, आग, गळती, सगळ्यांशी एकदम भांडण. लाकडाला मुंबईत शोभेल ते मोठं छप्पर. क्रीडागृह, वाचनालय, सभागृह, फार तर दोन-तीन मजल्यांची शाळा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या मेट्रो 6 सारख्या मार्गांवर स्थानकांची छतंही. जोतं आणि खालचा मजला काँक्रीटचा, स्वच्छतागृहं वेगळ्या काँक्रीटच्या भागात, वर लांब पसरलेल्या पाखाड्यांखाली लाकूड. कोकणातल्या देवळाचा आराखडा याहून फार वेगळा नाही. मात्र सार्वजनिक इमारतीच्या निविदेत बांधकामाचे आकडे मोठे असतात आणि देखभालीचा रकाना कृश असतो. मे महिन्यात पन्हळी साफ करणारा माणूस नेमलेला नसेल तर लाकूड वापरूच नये. काँक्रीटही गळतीने मरतं, पण ते वीस वर्षं तक्रार न करता मरतं. लाकूड पाच वर्षांत दाखवतं.

प्रश्न : लाकूड जळतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. शनिवारवाडा जळाला. मग शेकडो लोक जमतील अशा जागी लाकूड वापरण्याचा हट्ट कशाला?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : शनिवारवाड्याची आग 27 फेब्रुवारी 1828ला लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. दगडी तट, जोती आणि कारंजी उरली, लाकडाचं सगळं गेलं. त्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणला होता. तुमचं उदाहरण अगदी बरोबर आहे. त्याशेजारी मी दुसरं ठेवतो. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली आणि पाच माणसं गेली. ती इमारत काँक्रीटची. जळलं काय, तर पार्टिशनं, खोटी छतं, फर्निचर, तारा आणि कागद. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, राजर्षी शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं. दगडी भिंती असूनही रंगमंच, पडदे आणि आसनं यांनी आगीला भरपूर खाद्य दिलं.

आगीला आवडतं ते पातळ लाकूड. काडी पेटते, ओंडका पेटायला वेळ घेतो. ज्याने चूल पेटवली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. जाड तुळई पेटली की बाहेरचा थर कोळसा होतो आणि हा कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. ग्लुलॅमसारखं लाकूड मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर या गतीने आत आत जळतं. म्हणजे तासाभरात एका बाजूने सुमारे 40 मिलिमीटर. तुळई 300 मिलिमीटर रुंद असेल आणि दोन्ही बाजूंनी जळत असेल, तर तासानंतर मध्ये 220 मिलिमीटर लाकूड उरतं, आणि अभियंता आधीपासूनच त्या उरलेल्या गाभ्यावर हिशेब करतो. उलट उघडं पोलाद 550 अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं आणि वाकतं. म्हणून लाकडी सांगाड्यातल्या पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लाकडाच्या पोटात दडवतात. तिथे लाकूड पोलादाचं आगीपासून रक्षण करतं, ही गंमत बऱ्याच जणांना पटत नाही.

मग शनिवारवाडा? तिथेही लाकूड सावकाशच जळालं असणार. पण लाकडी मजल्यांना आग अडवणारे कप्पे नव्हते, छतावर फवारे नव्हते आणि 1828 साली बंब येणार नव्हता. जाड लाकूड तुम्हाला वेळ देतं. त्या वेळेचा उपयोग करायला जिना, फवारा आणि अग्निशमन दल लागतं.

सीएलटीची एक खोड मात्र सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काही गोंदांची पकड आगीत सुटायची. जळालेला थर गळून पडायचा, आतलं ताजं लाकूड उघडं व्हायचं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकायची. म्हणून अमेरिकेत गोंदांच्या चाचण्या कडक केल्या. 2021च्या अमेरिकी आदर्श संहितेत लाकडी इमारतीला 18 मजल्यांपर्यंत परवानगी आहे, पण त्या उंचीला सगळं लाकूड जिप्समच्या पत्र्यांखाली झाकायची अट आहे. ज्या लाकडाच्या देखणेपणासाठी एवढा खटाटोप, ते दिसणारच नाही! नऊ मजल्यांच्या आत ही अट बरीच सैल होते.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता (2016) 15 मीटर आणि त्याहून उंच इमारतीला 'उंच इमारत' समजते आणि तिच्या भार वाहणाऱ्या भागांसाठी न जळणारं साहित्य अपेक्षिते. मुंबईत 15 मीटर म्हणजे चार-पाच मजले. या मर्यादेबद्दल वास्तुकार कुरकुरतात, पण आपल्या गल्ल्यांत बंबाला वाट मिळण्याची मारामार पाहता मला ती आजच्या घडीला योग्य वाटते.

एक इशारा बांबूप्रेमींना. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या बांबूच्या देखण्या इमारती उभ्या राहत होत्या, 2021 साली त्यांतला मोठा भाग आगीत गेला. बांबू पोकळ असतो, भिंत पातळ. वर सांगितलेला कोळशाच्या कवचाचा हिशेब त्याला लागू नाही. चिरून, चिकटवून, घट्ट ठोकळे केलेल्या बांबूची गोष्ट निराळी.

प्रश्न : 2019च्या ऑक्टोबरात आरेत झाडं तोडली तेव्हा आम्ही रात्रभर जागलो होतो. आता पर्यावरणाच्या नावाने लाकडी इमारती बांधा म्हणता. ही झाडं येणार कुठून?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : हीच शंका सरकारलाही होती. 1993 साली सीपीडब्ल्यूडीने, म्हणजे केंद्र सरकारच्या इमारती बांधणाऱ्या खात्याने, जंगलं वाचावीत म्हणून लाकडाच्या वापरावर बंदी घातली. सरकारी क्वार्टर्समध्ये दाराच्या चौकटी पत्र्याच्या आणि खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. 2020 साली ती बंदी उठवली. मधल्या सत्तावीस वर्षांत अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाला हात न लावता निवृत्त झाली. लाकडाची गणितं पाठ्यपुस्तकात उरली, हातात नाही. हे नुकसान लगेच भरून येणारं नाही.

हिशेब असा आहे. एक घनमीटर स्प्रूसचं लाकूड म्हणजे साधारण 450 किलो. त्यातलं निम्मं वजन कार्बनचं, आणि तो झाडाने हवेतून घेतलेला. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत पाऊण टनाहून थोडं जास्त. इमारत उभी आहे तोवर तो तिथे अडकून राहतो. दुसरीकडे, जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के सिमेंट तयार करताना बाहेर पडतो. पण लाकडाच्या बाजूचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढतं आणि इमारत ते वाढेपर्यंत टिकते. वीस वर्षांत गळतीने कुजलेली लाकडी इमारत काँक्रीटपेक्षा वाईट.

आरेची झाडं आणि लागवडीतली झाडं यांची गल्लत मात्र करू नका. शहरातलं जुनं, मिश्र रान लाकडासाठी तोडायची गोष्ट इथे कुणीच करत नाही. महाराष्ट्राकडे सागाच्या लागवडी आहेत. 1974 साली स्थापन झालेलं वनविकास महामंडळ त्या सांभाळतं. बल्लारपूरच्या आगारातला साग 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, संसदेच्या नव्या इमारतीतही नागपूरहून गेलेला साग आहे. दोन्हीकडे तो दारं आणि अंतर्सजावट यांसाठी. भार काँक्रीटने किंवा दगडाने वाहिला. खरं सांगायचं तर ते ठीकच आहे. साग पोसायला दोन पिढ्या जातात, त्याची सीएलटी करून जमिनी घालणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं.

इंजिनिअर्ड लाकडाचा फायदा हाच की त्याला मोठं झाड लागत नाही. विरळणीत काढलेल्या सागाच्या बारीक बल्ल्या, निलगिरी, सुरू, पॉपलर, म्हातारी झालेली रबराची झाडं, यांच्या पट्ट्यांतून तुळई होऊ शकते. उत्तरेत यमुनानगरच्या प्लायवूड गिरण्या पॉपलर आणि निलगिरीवरच चालतात, तीही बहुतांशी शेतकऱ्यांनी बांधावर लावलेली झाडं. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याने असं झाड लावलं आणि त्याला वखारीच्या भावापेक्षा बरा भाव मिळाला तर लाकडी इमारतींना अर्थ आहे. ऑस्ट्रियाहून न्हावाशेव्याला कंटेनर उतरवून पवईत हरित इमारत बांधली, असं करायचं असेल तर ती जाहिरात झाली.

बांबूच्या बाबतीत आपण थोडे पुढे आहोत. 2017च्या दुरुस्तीने वनाबाहेर उगवलेला बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तोडीची आणि वाहतुकीची कटकट कमी झाली. कुडाळचं कोनबॅक हे केंद्र कोकणातल्या बांबूला औषध मुरवून त्याची बांधकामं करतं. बंगळुरूच्या विमानतळाचं दुसरं टर्मिनल कधी पाहिलंत तर वर मान करून बघा. छताखाली बांबूच्या चिकटवलेल्या पट्ट्यांची विस्तीर्ण जाळी आहे. भार मागचं पोलाद वाहतं, पण इतक्या गर्दीच्या जागी, अग्निरोधक प्रक्रिया करून, एवढ्या प्रमाणात हे साहित्य वापरता येतं हे तिथे सिद्ध झालं.

प्रश्न : भूकंपात लाकूड बरं की काँक्रीट?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : धक्क्याचा जोर इमारतीच्या वजनावर ठरतो. काँक्रीट घनमीटरला जवळजवळ 2,400 किलो, लाकूड त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं. शिवाय लाकडाचे जोड थोडे हलतात आणि हलताना धक्का जिरवतात. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीत माणसं गेली ती जाडजूड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या माळवदाखाली. बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या तरी आतला खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला होता. अर्थात नीट सळया घातलेलं काँक्रीटही भूकंपात उत्तम. वाईट बांधकाम कशाचंही वाईटच.

प्रश्न : माझं लहानपण गिरगावात गेलं. चाळीचे खांब 'बर्मा टीक'चे, असं वडील अभिमानाने सांगायचे. आता चाळ पुनर्विकासात जातेय. त्या लाकडाचं काय होतं? आणि ते इतकं चांगलं होतं तर चाळी पडतात कशाला?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : वडिलांचा अभिमान रास्त होता, आणि त्यामागची कथा तुमच्या चाळीहून मोठी आहे. 1863 साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. ब्रह्मदेशातला साग तोडून विकणं हा तिचा मुख्य धंदा. ओंडके कमी दाखवून कर बुडवला असा आरोप ठेवून तिथल्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885च्या नोव्हेंबरात युद्ध झालं, ब्रह्मदेश खालसा झाला आणि थिबा राजाला कैद करून रत्नागिरीला आणून ठेवलं. 1910च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा बांधला, 1916 साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आणि मुंबईच्या चाळींतले सागाचे खांब एकाच व्यापाराची दोन टोकं आहेत.

सागाची ताकद पाहायची तर मुंबईच्या गोदीकडे बघावं. वाडियांनी इथे मलबारी सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817ला पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, तिच्या देखभालीवर माणसं नेमलेली आहेत.

तुमच्या चाळीवर कोण नेमलेलं होतं? भाडं गोठलेलं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू स्वतःच्या खोलीत मोरी वाढवतो आणि खालच्या तुळईला रोज पाणी पाजतो. 1969च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा उपकरप्राप्त इमारती साडेएकोणीस हजारांहून अधिक होत्या. मंडळाने टेकू लावले, कुजलेल्या तुळया काढून लोखंडी गर्डर घातले. पण मोरी तिथेच राहिली, गळती तिथेच राहिली, आणि मग गर्डर गंजले. लाकडाच्या जागी लोखंड आलं तरी पाण्याची वाट कुणी बदलली नाही.

पाडलेल्या चाळीचं लाकूड फुकट जात नाही. ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातं. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या सागाच्या नावाने विकलं जाणारं सामान पाहिलंत तर त्यात कुठल्या तरी चाळीचे खांब असण्याची शक्यता बरीच. खिळ्यांची भोकं, जुन्या रंगाचे थर आणि कापल्यावर येणारा तेलकट वास यांवरून जाणकार ओळखतो. पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे हे लाकूड बहुतेक वेळा भंगाराच्या हिशेबातच जमा होतं, याचं मला वाईट वाटतं. शंभर वर्षं वाळलेलं, आकसून स्थिर झालेलं लाकूड आज कुठल्याही वखारीत नवं मिळणार नाही. सोसायटीच्या करारात जुन्या लाकडावर हक्क कुणाचा, हे लिहून घ्या.

चाळ अजून उभी असेल आणि कुणी राहत असेल तर एक करा. पेचकस घेऊन तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचून पाहा, मोरीजवळचं आधी. चांगल्या सागात पेचकस घुसत नाही. दोन-तीन सेंटिमीटर सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर पावसाळ्याची वाट न पाहता अभियंत्याला बोलवा. तिशी उलटलेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने बंधनकारकच आहे.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातलं मरीन प्लाय हेही इंजिनिअर्ड लाकूडच का? ते तरी खरंच पाण्यात टिकतं?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : हो, त्याच कुळातलं. आयएस 710 हे भारतीय मानक मरीन प्लायचं. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून जोड सुटतात का ते पाहतात. आयएस 303चं साधं प्लाय ही परीक्षा देत नाही. गोंद टिकला तरी कडा उघड्या ठेवल्या तर लाकूड पाणी पितंच, म्हणून सिंकखालच्या कापलेल्या कडांना सुताराकडून रंग किंवा एज बँड लावून घ्या. आणि शिक्क्यावर 710 आहे का ते दुकानातच वाचा, घरी आणल्यावर नव्हे.